आमच्या चिकन युनिटला अनुदान कसं मिळालं

फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये चिकन खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा पसरली, तेव्हा आमच्या दुकानासमोर टेम्पो लावून एक पोल्ट्रीवाले भाऊ दोन तास बसून होते. पक्षी दोन-सव्वादोन किलोंचे झालेले, रोज खाद्य खात होते आणि घ्यायला कुणी नाही. मिळेल त्या भावाला घ्या म्हणत होते. आमच्याकडे एक साधा डीप फ्रीझर होता, त्यात मावतील तेवढे पक्षी घेतले आणि बाकीच्यांना नाही म्हटलं. ते टेम्पो वळवून गेले. सोन्यासारखा माल मातीमोल जात होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. पुढे जानेवारी २०२१ ला परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला आणि इकडे हातकणंगले तालुक्यात बसून आम्ही पुन्हा तेच पाहिलं. माल साठवायची सोय करायची हे तेव्हाच ठरलं. पैसा कुठून आणायचा ते ठरत नव्हतं.

आमचं चिकनचं दुकान सासऱ्यांच्या काळापासूनचं. मिस्टर आधी साखर कारखान्यात कामाला होते, त्यामुळे दुकानाचं सगळं रजिस्ट्रेशन माझ्या नावावर.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना, जिला सगळे पीएमएफएमई म्हणतात, ती जून २०२० मध्ये सुरू झाली. प्रकल्पाच्या पात्र खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. किमान १० टक्के स्वतःचे घालायचे आणि बाकी बँकेचं कर्ज. मी हे पहिल्यांदा ऐकलं ते बचत गटाच्या बैठकीत, आणि तिथेच एका बाईने सांगितलं की आपल्या कोल्हापूर जिल्ह्याला गूळ दिलाय, चिकनला काही मिळत नाही. योजनेत प्रत्येक जिल्ह्याला एक उत्पादन ठरवून दिलं होतं, आणि 'एक जिल्हा एक उत्पादन' म्हणजे फक्त त्याच उत्पादनाला अनुदान, असा तेव्हा सगळ्यांचाच समज होता. मीही सहा महिने त्या समजावर गप्प बसले. खरं तर चालू असलेला उद्योग वाढवायचा असेल तर उत्पादन जिल्ह्याच्या यादीतलंच असलं पाहिजे अशी अट नाही. आणि योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत पोल्ट्री आणि मांस यांची नावं स्पष्ट लिहिलेली आहेत. हे मला कळलं ते जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात स्वतः जाऊन विचारल्यावर. महाराष्ट्रात ही योजना कृषी विभाग चालवतो. पशुसंवर्धन विभागाकडे चौकशी करत फिरणारे माझ्या ओळखीचे दोघे होते, त्यांचा वर्षभराचा वेळ गेला.

कार्यालयातून जिल्हा संसाधन व्यक्तीचा, म्हणजे डीआरपींचा, नंबर मिळाला. डीआरपी मॅडम दुकानात आल्या, खुर्ची घेऊन बसल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, रोज किती पक्षी कापता?"

"चाळीस-पंचेचाळीस."

"आणि रविवारी?"

मी मिस्टरांकडे बघितलं. रविवारी एकशेवीसच्या खाली कधी जात नाही. मॅडम म्हणाल्या, मग तुमचं हे शंभर रुपयांचं रजिस्ट्रेशन चालत नाही. दिवसाला ५० पक्ष्यांपर्यंत एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, साधं रजिस्ट्रेशन पुरतं. ५० च्या वर १००० पर्यंत राज्याचा परवाना लागतो आणि त्याहून जास्त असेल तर केंद्राचा. आम्ही इतकी वर्षं ज्या कागदाला फ्रेम करून भिंतीवर लावलं होतं, तो आमच्या धंद्याला लहान पडत होता आणि आम्हाला पत्ताच नव्हता. चुकीचं करायचा हेतू कधीच नव्हता, पण अर्जात खरा आकडा लिहायचा असेल तर परवाना त्या आकड्याचाच हवा. तिथून कामाला सुरुवात झाली.

अनुदानाचं काम करून देतो म्हणणारे एजंटही या काळात भेटले. एकाने मंजूर रकमेच्या दहा टक्के मागितले होते. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला असा माणूस भेटला तर एवढं ध्यानात ठेवा, की डीआरपीला प्रत्येक मंजूर प्रकरणामागे २० हजार रुपये सरकार देतं. प्रकल्प अहवाल करून देणं, अर्ज भरणं, बँकेत पाठपुरावा करणं हे त्यांचं कामच आहे. आमच्या मॅडमनी आमच्याकडून चहाशिवाय काही घेतलं नाही.

परवान्यासाठी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला हवा होता. आमची रस्त्याकडेची जागा बिगरशेती झालेली, घरफाळ्याची पावती चालू सालची, त्यामुळे कागद पटकन होतील असं वाटलं. पण मासिक सभेत विषय निघाला आणि शेजारचे एक काका उभे राहिले. "रक्ताचं पाणी ओढ्याला सोडणार काय तुम्ही?" एवढंच त्यांनी विचारलं. सभा शांत झाली. मला राग आला होता, नाही म्हणत नाही. घरी आल्यावर मात्र वाटलं, त्यांची विहीर ओढ्यापासून तीस पावलांवर आहे, त्यांनी विचारायचं नाही तर कुणी विचारायचं?

रक्ताने सांडपाण्याचा भार किती वाढतो हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. रक्त पाण्यात मिसळू दिलं की ते पाणी शुद्ध करणं फार अवघड जातं. तेच वेगळं गोळा केलं तर राहिलेलं धुण्याचं पाणी बरंच हलकं होतं. कत्तल आणि मांसप्रक्रिया हे उद्योग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लाल, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषणाच्या, वर्गात येतात, उभारणीआधी एक संमती आणि चालू करण्याआधी दुसरी लागते, तेव्हा हा विचार कधीतरी करावाच लागणार होता. आम्ही रक्तासाठी वेगळं स्टीलचं पन्हळ आणि खाली झाकणाची टाकी, चरबी अडवायचा चौकोनी हौद, त्यापुढे पाणी निवळायच्या दोन टाक्या असा आराखडा केला आणि तो कागद घेऊन मी त्या काकांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून सगळं बघितलं, दोन शंका विचारल्या, आणि पुढच्या सभेत त्यांनीच ठरावाला अनुमोदन दिलं.

यंत्रांच्या यादीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात मोठी चूक आम्ही तिथे करणार होतो. आमच्या पहिल्या यादीत तीन मोठे डीप फ्रीझर, पिसं काढायचं मशीन, व्हॅक्यूम पॅकिंग आणि सॉसेज भरायचं मशीन होतं. सॉसेजचं मशीन एका प्रदर्शनात बघितलेलं, ते डोक्यात बसलं होतं. मॅडम म्हणाल्या, यादी पक्की करायच्या आधी एकदा शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात जाऊन या. गेलो. तिथल्या सरांनी यादी वाचली आणि विचारलं, "कापलेला पक्षी थंड कुठे करणार?"

"फ्रीझरमध्ये," मी म्हटलं.

मग त्यांनी जे समजावलं ते मी आजही नव्या मुलांना तसंच सांगते. डीप फ्रीझर हा गोठलेला माल सांभाळायला असतो, गोठवायला नाही. अंगात ऊब असलेला पक्षी त्यात टाकला की आधीच्या मालाचंही तापमान चढतं, आणि तो पक्षी इतका सावकाश गोठतो की मांसाच्या आत बर्फाचे मोठे खडे तयार होतात. ते खडे मांसाचे धागे फाडतात. पाकीट सोडल्यावर जे लालसर पाणी निघतं ते त्यातूनच. घरी येऊन आम्ही आमच्या जुन्या फ्रीझरमधलं एक किलोचं पाकीट चाळणीत सोडून ठेवलं आणि खाली गळलेलं पाणी काट्यावर ठेवलं. साठ ग्रॅम भरलं. हॉटेलवाले "तुमचं फ्रोझन नको, कोरडं लागतं" म्हणायचे, त्याचं कारण त्या वाटीत होतं.

म्हणून सॉसेजचं मशीन काढलं आणि बर्फाच्या पाण्याची चिलिंग टाकी, माल झपाट्याने गोठवणारा छोटा ब्लास्ट फ्रीझर आणि चालत आत जाता येईल अशी एक कोल्ड रूम घातली. आधी पक्षी ४ अंशांपर्यंत आणायचा, मग जोरात गोठवायचा, मग उणे १८ ला ठेवायचा. त्याच सरांनी पिसं काढायच्या आधीच्या गरम पाण्याबद्दलही विचारलं. आमचे कारागीर बोट बुडवून अंदाज घ्यायचे. थर्मामीटर टाकून बघितलं तर पाणी ७० च्या आसपास. कातडी अर्धवट शिजत होती आणि मशीनमध्ये फाटत होती. आता ५८ ते ६० अंशांवर ठेवतो, दीड मिनिट. सुऱ्या बुडवायचं पाणी मात्र ८२ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, तो नियमच आहे. हे थर्मामीटर दोन-चारशे रुपयांचे, त्यांना कुठलं अनुदान लागत नाही. ते आधीच का घेतले नाहीत याची हळहळ वाटते.

आता खर्चाचा हिशोब. यंत्रांचे कोटेशन ९ लाख ८० हजारांवर गेले. बांधकाम, फरशी, उतार, गटार, टाक्या मिळून ६ लाख. आम्ही दोन्हींची बेरीज करून त्याचे ३५ टक्के काढून बसलो होतो. मॅडमनी पेन घेऊन तो आकडा खोडला. या योजनेत तांत्रिक बांधकाम पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांच्या वर धरत नाहीत. जागेची किंमत तर अजिबात नाही. म्हणजे बांधकामाचे ४ लाख २० हजारच धरले गेले आणि पात्र प्रकल्प १४ लाखांचा झाला. त्याचे ३५ टक्के ४ लाख ९० हजार. आमचे १० टक्के १ लाख ४० हजार, कर्ज १२ लाख ६० हजार. आणि बांधकामाचे वरचे १ लाख ८० हजार पूर्ण आमच्या खिशातून. सासूबाईंनी पाटल्या काढून दिल्या. मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "दुकान उभं करताना पण ह्याच मोडल्या होत्या, परत केल्याच की." त्यावर मला बोलता आलं नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये अर्ज पोर्टलवर चढला. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हास्तरीय समितीत तो ऑक्टोबरमध्ये पुढे गेला आणि बँकेकडे आला. लोकांना वाटतं समितीने होकार दिला की झालं. समिती फक्त शिफारस करते. पैसे बँकेचे असतात आणि बँक तिच्या पद्धतीनेच बघते.

आमचं जुनं खातं ज्या बँकेत होतं, तिथल्या साहेबांनी फाईल न उघडता सांगितलं की असल्या धंद्याला आम्ही कर्ज देत नाही. 'असल्या' हा शब्द मला लागला. पहाटे चारला उठून आम्ही जे काम करतो, ज्यावर दोन मुलं शिकली आणि सहा माणसांचे संसार चालतात, ते असलंतसलं काम नाही. मी तिथे भांडले नाही. डीआरपी मॅडमनी अर्जातली बँक बदलून दिली, ते पोर्टलवर करता येतं.

दुसऱ्या बँकेतल्या साहेबांनी फाईल नीट वाचली, पण त्यांची अडचण खरी होती. आमची विक्री कागदावर दिसत नव्हती. चिकनचा धंदा सगळा रोखीचा. सकाळी आलेले पैसे संध्याकाळी पोल्ट्रीवाल्याला द्यायचे, बँकेत काही फिरतच नाही. साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही सांगता ती विक्री मला पटते, पण माझ्या वरिष्ठांना तुमचं स्टेटमेंट बघायचंय." सुदैवाने, अर्ज करायचा विचार पक्का झाल्यापासून, म्हणजे मार्चपासून, आम्ही काउंटरवर क्यूआर लावला होता आणि रोजची रोकड खात्यात भरून पोल्ट्रीवाल्यांना खात्यातूनच पैसे देत होतो. नोव्हेंबरपर्यंत आठ महिन्यांचं स्टेटमेंट तयार होतं. कर्ज निघालं त्यात सगळ्यात मोठा हात त्या आठ महिन्यांचा, असं मी मानते. तारण म्हणून घर लिहून मागतील ही भीती होती, पण या कर्जाला सरकारी पतहमी योजनेचं संरक्षण मिळतं, ते साहेबांनीच सांगितलं आणि तसं केलं.

एक कागद मी स्वतःच्या मनाने जोडला होता. वर्षभराच्या विक्रीचा महिनावार तक्ता. आषाढात गटारीच्या आठवड्यात काय उसळी येते, श्रावणात विक्री एक तृतीयांशावर कशी येते, नवरात्रात, मार्गशीर्षातल्या गुरुवारी काय होतं, सगळं तीन वर्षांच्या वह्यांमधून काढून लिहिलं. साहेबांनी तो तक्ता बघून विचारलं, "मग श्रावणातला हप्ता कसा भरणार?" मी म्हटलं, कोल्ड रूम त्यासाठीच मागतेय. श्रावणात पोल्ट्रीचा दर उतरतो, तेव्हा माल घेऊन गोठवायचा आणि गणपती उठले की हॉटेलांना द्यायचा. आणि श्रावणापुरती एका हप्त्याएवढी रक्कम आषाढातच बाजूला ठेवायची. त्यांनी तक्ता फाईलला लावून घेतला. जानेवारी २०२३ मध्ये कर्ज मंजूर झालं.

पैसे आमच्या हातात आले नाहीत. आमचा हिस्सा आधी भरून घेतला, मग बँकेने यंत्रवाल्यांना परस्पर दिले. त्यात कोल्ड रूमवाल्याने महिनाभर उशीर केला, विजेचा भार वाढवून मिळायला आणखी वेळ गेला. जोतं मात्र आम्ही हट्टाने तीन फूट उंच घेतलं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी आमच्या रस्त्यापर्यंत आलं होतं. शेवटचा हप्ता जूनमध्ये सुटला आणि त्याच महिन्यात युनिट चालू झालं.

आता अनुदानाबद्दल, कारण यात फसगत होते. ४ लाख ९० हजार आमच्या खात्यात कधीही जमा झाले नाहीत आणि होणारही नाहीत. कर्ज सुटल्यावर बँक पोर्टलवर दावा टाकते, केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के या वाट्याने रक्कम येते आणि ती कर्जदाराच्या नावाने वेगळ्या खात्यात पडून राहते. बँकेने कर्जाचा शेवटचा हप्ता सोडल्यापासून तीन वर्षं कर्ज नियमित असेल आणि युनिट चालू असेल, तर ती रक्कम कर्जात वळती होते. तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही. म्हणजे रक्कम त्या खात्यात आल्या दिवसापासून फायदा असतो, पण हातात रोकड येत नाही. आमच्या ओळखीच्या एकाने अनुदान आलं की उधारी फेडू या हिशोबाने सावकाराकडून हिस्सा उभा केला, त्याची फार ओढाताण झाली. खेळतं भांडवलही या अनुदानात धरत नाहीत. पक्षी, मसाला, पाकिटं, पगार यांची सोय वेगळी करावी लागते आणि पहिले चार महिने ती करताना आमचा जीव मेटाकुटीला आला.

आमचा दावा दोन महिने टाकलाच गेला नव्हता. साहेबांची बदली झाली होती आणि नव्यांना ते प्रकरण माहीत नव्हतं. मी दर सोमवारी जाऊन बसायचे. ज्यांचं कर्ज सुटलं आहे त्यांनी दावा टाकल्याचा दिनांक बँकेकडून लिहून घ्यावा. आमचं अनुदान डिसेंबरमध्ये आलं आणि त्यावरचं व्याज तिथून पुढे बंद झालं. आधीच्या महिन्यांचं व्याज आम्ही भरलं.

आणखी एक बदल पाकीटबंद माल सुरू केल्यावर कळला. मोकळं ताजं चिकन विकताना जीएसटीचा प्रश्न नव्हता, पण लेबल लावलेलं फ्रोझन पाकीट आलं की तो लागतो. आता एक मुलगी आठवड्यातून दोन दिवस हिशोबाला येते.

आज कोल्हापूर आणि इचलकरंजीतली अकरा हॉटेलं आणि चार खानावळी आमच्याकडून चिकन घेतात. मसाला लावलेली पाकिटं घरगुती गिऱ्हाईक नेतं, मसाला सासूबाईंचाच. पूर्वी सहा माणसं होती, आता अकरा, त्यात पाच बाया. पिसं आणि आतडी उघड्यावर जात नाहीत, काकांची विहीर दर सहा महिन्यांनी आम्ही आमच्या पाण्याबरोबरच तपासून आणतो आणि अहवालाची एक प्रत त्यांना देतो. तिखट-तेलातलं चिकन लोणचं करायचं आहे, पण ते किती दिवस टिकतं याचे प्रयोगशाळेचे अहवाल अजून मनासारखे आले नाहीत, तोवर लेबल लावणार नाही.

पहिल्याच श्रावणात आम्ही ठरल्याप्रमाणे माल भरला. २०२० मध्ये टेम्पो वळवून गेलेले तेच भाऊ आले होते, तीनशे पक्षी घेऊन. आम्ही सगळे उतरवून घेतले. चिलिंग टाकीतून काढलेल्या एकेका पक्ष्याच्या छातीत थर्मामीटर खुपसून मी आकडा वहीत लिहीत होते, ३.८, ३.६, ४, आणि ते भाऊ दारात उभे राहून बघत होते. रात्री साडेअकराला शेवटचा ट्रे ब्लास्ट फ्रीझरमध्ये गेला. जाताना त्यांनी विचारलं, पुढच्या बुधवारी आणखी दोनशे घ्याल का. मी कोल्ड रूमचा दरवाजा उघडून रिकाम्या मांडण्या मोजल्या आणि हो म्हटलं.